किलोवर देऊ नका: कोकणातल्या घरातल्या जुन्या वस्तू आणि लिलावाचं गणित

राजापूरजवळचं आमचं सामायिक घर या मे महिन्यात उतरवलं. कौलं, रिपा, वासे खाली आले, तशी माळ्यावरची भांडीही खाली आली आणि तिसऱ्या दिवशी भंगारवाल्याचा टेम्पो अंगणात उभा राहिला. पितळेची दोन तपेली, बंब, एक चेपलेली कळशी आणि तांब्याचं मोठं घंगाळ, सगळं एकामागून एक काट्याला लागलं. तांब्याचा त्या दिवशीचा भाव गुणिले वजन असा हिशेब झाला आणि पैसे चार घरांत वाटले गेले. आठवड्याने फोनमधले फोटो बघताना घंगाळाच्या काठावर ठोकलेली अक्षरं मला दिसली. पणजोबांचं नाव, गावाचं नाव आणि ‘शके 1827’. म्हणजे 1905 च्या सुमाराचं भांडं. कुणीतरी तांबटाकडून घडवून घेतलं, त्यावर नाव घातलं, आणि सव्वाशे वर्षं आमच्या घरातल्या प्रत्येक बाळंतिणीच्या न्हाणीचं पाणी त्यात भरलं गेलं. त्या अक्षरांसकट ते वितळलं असणार.

तेव्हापासून मी हा विषय नीट समजून घ्यायला लागलो. जुन्या वस्तूंचा लिलाव कसा चालतो, कुठल्या वस्तूला कशामुळे भाव येतो, कायदा काय म्हणतो. कोकणात आज हजारो घरं बंद आहेत, दरवर्षी कितीतरी उतरवली जातायत, म्हणून जे कळलं ते सोप्या शब्दांत मांडतो.

आधी एक स्पष्ट करतो. ते घंगाळ लिलावात लाखांना गेलं असतं, असं माझं म्हणणं नाही. आपल्या घरांतल्या बहुतेक जुन्या वस्तूंना मोठ्या लिलावात जागाही मिळत नाही, कारण तशा वस्तू पुष्कळ आहेत. पण मोडीच्या भावापेक्षा जास्त देणारा माणूस सापडला असता, आणि भांडं भांडं म्हणून शिल्लक राहिलं असतं.

एका वस्तूचे तीन भाव

कुठल्याही जुन्या वस्तूला तीन भाव असतात. पहिला मोडीचा, म्हणजे धातूचा किंवा लाकडाचा. दुसरा वापराचा: कुणाला ती समई घरात लावायला हवी असते, कुणाला तो खांब हॉटेलच्या ओसरीत उभा करायचा असतो. तिसरा संग्राहकाचा. त्याला ती वस्तू हवी असते कारण ती तीच आहे, तिच्यासारखी दुसरी नाही.

राणीछाप रुपयाचं उदाहरण घ्या. आपल्याकडे आजीच्या ट्रंकेत किंवा लक्ष्मीपूजनाच्या पेटीत चार-पाच तरी सापडतात. त्या रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि त्यात चांदी जवळपास 91.7 टक्के. शुद्ध चांदी धरली तर साधारण 10.7 ग्रॅम. सोनार जे देतो ते एवढ्याचेच पैसे. 1940 पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, 1947 चा रुपया तर निकेलचा. म्हणजे मोडीचा भाव ठरवायलासुद्धा नाण्यावरचं साल वाचावं लागतं.

संग्राहक त्यापुढचं बघतो. 1911 सालच्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावर हत्ती कोरलेला होता, पण त्याची सोंड इतकी आखूड उठली की लोकांना तो डुकरासारखा दिसला. हिंदू-मुसलमान दोघांचीही नाराजी झाली, नाणी मागे घेतली गेली, आणि पुढच्या वर्षीच्या साच्यात हत्ती सुधारला. म्हणून 1911 चा रुपया आणि 1912 चा रुपया वजनाला सारखेच, चांदी सारखीच, पण संग्राहकाच्या लेखी वेगळे. सोनाराच्या तराजूत हा फरक पडत नाही.

तराजू आणि वस्तू यांच्यातलं अंतर कोकणाने एकदा फार वाईट पद्धतीने पाहिलं आहे. श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरला नोव्हेंबर 1997 मध्ये एका वाडीत खणताना तांब्याची पेटी निघाली. आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा आणि दागिने होते. मुखवट्याचं वजन सव्वा किलोच्या वर. सगळ्या महाराष्ट्रातून लोक दर्शनाला यायला लागले. मार्च 2012 मध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि चोरांनी मुखवटा वितळवला. पुढे पोलिसांना सोनं मिळालं, पण तो चेहरा मिळाला नाही. 2021 मध्ये नवा मुखवटा बसवला गेला, लोक तितक्याच श्रद्धेने जातात. तरी त्या जुन्या कारागिराच्या हाताचं जे काही होतं ते परत येणार नाही, हे मला अजून बोचतं.

बंदरावरचा लिलाव आणि दालनातला लिलाव

‘लिलाव’ हा शब्दच मुळी किनाऱ्यावरून आत आला. पोर्तुगीज ‘लेलाँव’ या शब्दाचं हे मराठी रूप. पगार, चावी, बटाटा आपण जसे घेतले, तसाच हाही. आणि लिलाव म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला शिकवायला नको. दापोलीकडच्या हर्णै बंदरावर संध्याकाळी जाऊन उभं राहा. होड्या लागतात, वाळूत मासळीचे ढीग पडतात, भोवती कडं होतं, आणि बोली चढत जाते. गणपतीच्या मंडळात देवापुढच्या नारळाची बोली होते, तीही हीच पद्धत.

त्या कड्यात उभं राहून एक गोष्ट लक्षात येते, आणि लिलावाचं सगळं शास्त्र तिच्यात आहे. सुरमईचा ढीग एकाच व्यापाऱ्याला हवा असेल तर भाव चढत नाही. चढायला दोघं लागतात. समजा एकजण 5 हजारांपर्यंत जायला तयार आहे आणि दुसरा 9 हजारांपर्यंत. बोली 5 हजारांच्या जरा वर गेली की पहिला गप्प होतो आणि ढीग दुसऱ्याला तेवढ्यातच मिळतो. त्याच्या मनातले 9 हजार कुणाला कळतही नाहीत. म्हणजे भाव ठरवतो तो हरणारा, जिंकणारा नव्हे.

म्हणून वर्तमानपत्रात ‘अमुक नाणं इतक्या लाखांना गेलं’ असं वाचलं तर त्याचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी त्या दालनात ते नाणं हवं असलेली दोन माणसं समोरासमोर आली. तसंच नाणं पुढच्या लिलावात निम्म्याला जाऊ शकतं, कारण पहिल्या वेळी जिंकलेला माणूस आता बाजारात नसतो. त्याच्याकडे ते नाणं आलेलं असतं!

मासळी आणि जुनी वस्तू यांत फरक एकच, पण मोठा. मासळी समोर दिसते, डोळे आणि कल्ले बघून ताजी की शिळी ते कळतं. जुन्या वस्तूचं खरंखोटं डोळ्यांनी कळत नाही. म्हणून मधे लिलावगृह लागतं. सदबीज 1744 पासून आणि क्रिस्टीज 1766 पासून लंडनमध्ये हेच करत आली. मुंबईत आज पंडोल्स, सॅफ्रनआर्ट, अस्तगुरू यांसारखी गृहं आहेत, नाण्यांसाठी टोडीवाला आहेत. काम साधारण एकाच पद्धतीने चालतं.

तुम्ही वस्तूचे फोटो आणि माहिती पाठवता. त्यांचा जाणकार वस्तू बघतो आणि अंदाजित किंमत सांगतो, ती नेहमी दोन आकड्यांत असते, समजा 80 हजार ते 1 लाख 20 हजार. मग तुमच्याशी बोलून राखीव किंमत ठरते. याच्या खाली वस्तू सुटणार नाही, असा हा तळ. तो खरेदीदारांना सांगत नाहीत, पण सहसा अंदाजाच्या खालच्या आकड्याहून वर नसतो. वस्तूला एक क्रमांक मिळतो, त्याला लॉट म्हणतात. कॅटलॉगमध्ये फोटो, माप, काळ, कुठून आली, कुठे दुरुस्ती आहे, हे सगळं छापतात. लिलावाआधी काही दिवस वस्तू बघायला ठेवतात. लिलावाच्या दिवशी दालनात, फोनवर, ऑनलाइन किंवा आधीच लिहून दिलेली, अशी कशीही बोली येते. वाढ साधारण दहा-दहा टक्क्यांनी होते. कुणी पुढे जात नाही तेव्हा हातोडा पडतो.

आता पैसे. हातोडा 1 लाखावर पडला असं धरू. खरेदीदाराला त्यावर गृहाचा बायर्स प्रीमियम द्यावा लागतो. 20 टक्के धरला तर 20 हजार, आणि त्या प्रीमियमवर 18 टक्के जीएसटी म्हणजे 3,600. त्याच्या खिशातून 1,23,600 जातात. वस्तूवरचा कर लागू असेल तर तो आणखी वेगळा. विकणाऱ्याकडून कमिशन कापतात; 10 टक्के धरलं तर 10 हजार आणि त्यावरचा जीएसटी 1,800. तुमच्या हातात 88,200. फोटो, वाहतूक, विमा यांचे पैसे वेगळे घेतात का, हे करारात आधी वाचून घ्यावं. पेपरात येणारा आकडा कधी नुसता हातोड्याचा असतो, कधी प्रीमियम धरून, त्यामुळे दोन बातम्यांतल्या आकड्यांची तुलना करताना जपावं.

राखीव किंमत गाठली नाही तर वस्तू परत येते. हे विकणाऱ्याला वाटतं त्याहून जास्त महागात पडतं. न सुटलेला लॉट सगळ्या संग्राहकांनी पाहिलेला असतो, आणि लगेच पुढच्या लिलावात तो ठेवला तर ‘हिच्यात काहीतरी खोट असणार’ अशी शंका आधीच बसलेली असते. लोभाने राखीव किंमत चढवून ठेवण्यापेक्षा ती खाली ठेवून दोन माणसांना आत येऊ द्यावं, असं माझं मत झालं आहे. हर्णैच्या वाळूतही बोली खालूनच सुरू होते.

वस्तूची वंशावळ

एप्रिल 2025 मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात नागपूरचे सेनासाहेबसुभा रघुजी भोसले (पहिले) यांची तलवार निघाली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती घेतली. हाताळणी, वाहतूक, विमा सगळं मिळून 47.15 लाख रुपये लागले आणि ऑगस्टमध्ये तलवार मुंबईत आली. पातं युरोपात घडलेलं आहे. तशी फिरंगी पाती मराठ्यांकडे पुष्कळ होती. पण या पात्याच्या पाठीवर सोन्याने देवनागरीत रघुजींचं नाव आहे. ती ओळ नसती तर ती अठराव्या शतकातली एक चांगली तलवार एवढंच राहिली असती. बातमी वाचली तेव्हा मला आमच्या घंगाळाचा काठ आठवला. पणजोबांना सेनापतींच्या शेजारी बसवायचं नाही, पण धातूवर कोरलेलं नाव काय काम करतं, ते दोन्हीकडे सारखंच.

लिलावाच्या भाषेत याला प्रोव्हेनन्स म्हणतात. मी वंशावळ म्हणतो. ही वस्तू कुणी केली, कुणाकडे होती, तिथून कुणाकडे गेली, आणि याला पुरावा काय. जुनी पावती, लग्नातल्या आहेराची यादी, वस्तू मागे दिसणारा एखादा जुना फोटो, वाटणीपत्रातला उल्लेख, हे सगळं पुरावा आहे. आपण घर आवरताना आधी कागद जाळतो आणि मग भांडी विकतो. उलट करायला हवं. कित्येकदा मोडी लिपीतले कागद नुसत्या वस्तूपेक्षा मोलाचे असतात, कारण त्यात गावाचा इतिहास असतो.

वंशावळ ठाऊक असूनही हक्काचा प्रश्न आला तर मोठ्यात मोठा लिलावही थांबतो. उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा इथे बुद्धाच्या अस्थींसोबत निघालेली रत्नं मे 2025 मध्ये हाँगकाँगला लिलावात निघणार होती. भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली, लिलाव पुढे ढकलला गेला आणि जुलैमध्ये ती रत्नं भारतात परतली. तिथे वस्तू कुठून आली हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रश्न होता ती विकायचा अधिकार कुणाला, हा.

हाच प्रश्न आपल्या घरांत रोज आहे, फक्त त्याला आपण भावकी म्हणतो. जमिनीच्या सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं असतात, लामणदिव्याला सातबारा नसतो. मे महिन्यात एक चुलतभाऊ येतो, कुलूप काढतो आणि ‘पडूनच होतं’ म्हणून वस्तू देऊन टाकतो. लिलावगृह तुमच्याकडून लिहून घेतं की वस्तू माझी आहे आणि विकायचा पूर्ण अधिकार मला आहे. खोटी सही केलीत आणि मुंबईतल्या काकांनी हरकत घेतली, तर झालेली विक्रीही रद्द होऊ शकते. सामायिक वस्तू असेल तर सगळ्या वारसांची लेखी संमती आधी घ्या. देवळातल्या वस्तूंचं तर बोलूच नये. मुखवटे, पालखीचे दांडे, समया, घंटा, हे देवस्थानाचं. मानकरी म्हणून आपल्या घरी ठेवलं असेल तरी ते आपलं नव्हे.

काय ओळखायचं

दक्षिण कोकणात एखाद्या जुन्या घरी गंजिफा सापडण्याची शक्यता आहे. गोल, लाखेचा रंग दिलेले, हाताने रंगवलेले पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, म्हणून एकूण 120. मुघल गंजिफेत आठ रंग आणि 96 पत्ते. सापडल्या तर आधी मोजा, कारण पूर्ण डाव आणि अपुरा डाव यांच्या भावात फार अंतर असतं, आणि डबी असेल तर तीही सोडू नका. जुनी की नवी हे मात्र घाईने ठरवू नका. ही कला संपत आली असताना सावंतवाडीच्या राजघराण्याने 1970 च्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. तेव्हापासूनचे पुष्कळ सुंदर डाव घराघरांत आहेत. ते जपावेत, पण त्यांना दीडशे वर्षं जुने म्हणून विकू नये.

ओटीवरच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींचंही असंच. ‘आमच्याकडे रविवर्म्याचं चित्र आहे’ असं सांगणारी निदान दहा घरं मला माहीत आहेत. ते असतं छापील चित्र, ओलिओग्राफ. रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या चित्रांनी घरोघरी देव पोचवले. मूळ तैलचित्राची गोष्ट वेगळी: ‘यशोदा आणि कृष्ण’ हे चित्र एप्रिल 2023 मध्ये पंडोल्सच्या लिलावात 38 कोटींना गेलं. छापील चित्राला त्या मानाने किरकोळ भाव, पण भाव आहे, विशेषतः वर जर-टिकल्यांचं काम केलेल्या चित्रांना. खालच्या पट्टीवर छापखान्याचं नाव असतं. चौकटीत बसवताना पूर्वी ती पट्टी कापून टाकत. तुमच्याकडची शाबूत असेल तर तशीच राहू द्या.

शिवराई आपल्याकडे अजून सापडते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. महाराजांनंतरही ती शतकभराहून जास्त पाडली जात होती, एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालत होती, म्हणून प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते. अक्षरांचं वळण, बिंदूंची किनार, वजन यांवरून जाणकार सांगतात. आणि खोट्या शिवरायाही खूप आहेत. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला बहुधा बारीक शिवण दिसते आणि अक्षरं साबण चोळल्यासारखी मऊ वाटतात. ठोकून पाडलेल्या नाण्याच्या अक्षरांना धार असते.

समुद्रकाठी पर्यटकांना ‘ब्रिटिश जहाजावरचा’ म्हणून पितळी होकायंत्र, दुर्बीण विकतात. तशा वस्तू रुरकीच्या बाजूला नव्याने भरपूर बनतात, वर लंडनचं नाव आणि जुनं साल कोरलेलं. शोभेला घ्या, पण जुनी म्हणून पैसे मोजू नका. रामदरबार छापलेलं, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि 1818 साल असलेलं नाणंही असंच. कंपनीने तसं नाणं कधी पाडलंच नव्हतं. आणि ‘ट्रॅक्टरवाली पाचची नोट द्या, लाखो घ्या’ असे मेसेज आले, कुणी आधी ‘नोंदणी फी’ मागितली, तर एक रुपयाही पाठवू नका. जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदीविक्रीशी आपला काहीही संबंध नाही आणि आपण कमिशन घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलेलं आहे. आमच्या गावातल्या एका पेन्शनर गुरुजींनी असे पैसे गमावले. घरी कुणाला सांगायची त्यांना लाज वाटत होती, ते मला फार वाईट वाटलं.

कायदा, जेवढा हवा तेवढा

1972 चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा 1976 पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू, नाणं, शिल्प, चित्र हे पुरावशेष. ऐतिहासिक किंवा साहित्यिक महत्त्वाच्या हस्तलिखिताला 75 वर्षं पुरतात. अशी वस्तू घरात ठेवायला किंवा भारतात विकायला बंदी नाही. पण दगड, धातू, टेराकोटा, हस्तिदंत यांतली शिल्पं, कोरीव लाकूड, चित्रं, सचित्र पोथ्या यांची पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते, आणि धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. दाराशी येऊन देव्हाऱ्यातली मूर्ती मागणाऱ्याला परवाना दाखवायला सांगा. बहुतेक जण तिथूनच निघून जातात.

देशाबाहेर न्यायला मात्र सामान्य माणसाला बंदीच आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. अमेरिकेतल्या लेकीला आजीची समई द्यायची असेल आणि ती जुनी दिसत असेल, तर ती पुरावशेष नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घेऊन ठेवावा. विमानतळावर रडारड नको.

पायासाठी जेसीबी लावला आणि नाण्यांचं मडकं निघालं, तर 1878 चा निखात निधी कायदा लागतो. दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही जमिनीत सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. व्यवहारात आधी तहसीलदारांकडे जा. कुणाचा हक्क सिद्ध झाला नाही आणि निधी बेवारस ठरला तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश, अशी कायद्यात सोय आहे. सरकारला ठेवायचा असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन ते घेऊ शकतं. लपवलं तर वाटाही जातो आणि वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बरेच जण भीतीने नाणी वाटून घेतात, सोनाराकडे मोडतात आणि त्या मडक्याबरोबर त्या जागेचा इतिहासही जातो.

ओटीवरची सांबराची शिंगं, हस्तिदंताची फणी, कासवाची पाठ, कोळ्यांच्या घरात टांगलेली करवत माशाची करवत, यांतलं काहीही विकायचं नाही. कितीही जुनं असो, वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.

कराचं एक वाक्य: रोजच्या वापरातली भांडी विकली तर भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही, पण चित्र, शिल्प, दागिने यांच्या नफ्यावर कर आहे, तेव्हा मोठी विक्री असेल तर सीएला आधी विचारा.

चिंच लावू नका

वस्तू विकायची ठरली की आपला पहिला हात चिंचेकडे जातो. नाण्यांना चिंच, लिंबू, राख यांतलं काहीही लावू नका. तांब्यावर शे-दोनशे वर्षांत जी तपकिरी साय धरते ती मळ नव्हे. संग्राहक तीच बघतो, आणि एकदा ती गेली की परत येत नाही. घासून लख्ख केलेल्या नाण्याचा भाव पडतो. जुन्या मूर्तीचंही तेच. वापरातल्या समईची गोष्ट निराळी, ती दर सणाला घासलेलीच असते, तिचे झिजलेले काठ हीच तिची खूण. लाकडी फणेरपेटीला (फणी-कुंकवाच्या पेटीला) पॉलिश, पोथीला चिकटपट्टी, तसबिरीला ओलं फडकं, हे सगळं टाळा. आणि चूनकाम करताना वस्तू पडवीत उघड्यावर ठेवू नका, आपल्या पावसात एक मृग लागला की कागदाचा लगदा होतो.

घर उतरवून झाल्यावर उरलेल्या वस्तू मी एका जागी मांडल्या. एक शंभर पानी वही आणली. प्रत्येक वस्तूचा उजेडात फोटो, माप, वजन, कुठे अक्षरं आहेत का, हे लिहिलं. मग 84 वर्षांच्या आत्येला खुर्चीत बसवून एकेक वस्तू तिच्या हातात दिली. अडकित्ता हातात घेतल्याबरोबर ती म्हणाली, “हा भाऊंचा. रत्नागिरीच्या जत्रेतून आणलेला, बाबूच्या मुंजीच्या वर्षी.” फणेरपेटी तिने उघडली आणि आरशामागची फळी सरकवली. तिथे कप्पा आहे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आत हळदीच्या डागांची एक चिठ्ठी होती, मोडी लिपीत. ती कुणालाच वाचता येत नाही. मोडी जाणणाऱ्या एका शिक्षकांकडे पुढच्या रविवारी घेऊन जाणार आहे. वहीत त्या पेटीसमोर तूर्त एवढंच लिहिलं आहे: शिसवी, आरसा मूळचा, कडी एक बदललेली, कप्प्यात चिठ्ठी. आत्येच्या आईच्या माहेरची, कोतवड्याहून आली. विकायची नाही.